'ईव्हीएमचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स करा': ग्रामसभेच्या ठरावात नेमकं काय लिहावं?

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "मतदान यंत्रातलं सॉफ्टवेअर ओपन सोर्सच असलं पाहिजे, असा कायदा करा, हा ठराव आम्हाला ग्रामसभेत मांडायचाय. काही जण म्हणतात, कोड खुला केला की यंत्र हॅक करणं सोपं होईल. काही म्हणतात, खुला झाला तरी गावात तो वाचणार कोण? मागणी योग्य आहे का, आणि ठरावात काय लिहावं?"

मागणी योग्य आहे. ओपन सोर्स म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कुणालाही वाचता येईल असा खुला ठेवणं. छोट्या चिपमधले प्रोग्राम लिहिणं आणि दुसऱ्यांनी लिहिलेले तपासणं हे माझं रोजचं काम आहे. ज्या प्रोग्रामवर लाखो लोकांच्या मताचा हिशोब चालतो तो कपाटात बंद ठेवायला मला तरी एकही पटणारं तांत्रिक कारण दिसत नाही. पण तुमचं एका ओळीचं वाक्य आहे तसं पाठवलं तर ते फेटाळणं फार सोपं जाईल. आणि समजा उद्या मान्य झालंच, तरी तुमच्या मनातली शंका जागची हलणार नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत. यंत्राचा प्रोग्राम जसा लिहिलाय तसा तो प्रामाणिक आहे का? आपल्या शाळेच्या खोलीत ठेवलेल्या यंत्रात तोच प्रोग्राम आहे का? आणि यंत्र काही कारणाने चुकलंच, तर ती चूक पकडली जाईल का? कोड खुला केल्याने पहिल्याचं उत्तर मिळतं. दुसऱ्याचं अर्धवट मिळतं. तिसऱ्याचं अजिबात मिळत नाही.

मोंढ्यातला इलेक्ट्रॉनिक काटा डोळ्यांसमोर आणा. सोयाबीनचं पोतं चढतं, आकडा दिसतो, पट्टी निघते. त्या काट्यातही प्रोग्राम आहे आणि तो कुणी वाचलेला नाही. तरी काट्यावर भरवसा का ठेवता येतो? वैधमापन खात्याचा शिक्का असतो म्हणून, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शंका आली तर प्रमाणित वजन ठेवून पाहता येतं म्हणून. काट्याच्या पोटात काय आहे यावर अवलंबून नसलेली तपासणी तुमच्या हातात आहे. मतदान यंत्राच्या बाबतीत ते प्रमाणित वजन म्हणजे व्हीव्हीपॅटची, म्हणजे दिलेलं मत छापून दाखवणाऱ्या जोडयंत्राची, कागदी चिठ्ठी. हे पुढे पुन्हा येईल.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण 'सॉफ्टवेअर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटर येतो. आपली यंत्रं दोनच सरकारी कंपन्या बनवतात: बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल. मतदाराच्या समोर बॅलेट युनिट, केंद्राध्यक्षाच्या टेबलावर कंट्रोल युनिट, आणि २०१३ पासून टप्प्याटप्प्याने आलेलं व्हीव्हीपॅट. एका बॅलेट युनिटवर नोटा धरून १६ बटणं. बीडला २०२४ च्या लोकसभेला ४१ उमेदवार होते, म्हणजे नोटासह ४२. त्यामुळे तीन-तीन बॅलेट युनिट जोडावी लागली. प्रत्येक भागात मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम चालवणारी छोटी चिप, आहे आणि प्रत्येकात आपापला प्रोग्राम आहे. तेव्हा 'ईव्हीएमचा सोर्स कोड' ही एक वस्तू नाही. किमान तीन यंत्रांचे तीन कोड, शिवाय चिन्हं भरायचं सॉफ्टवेअर, शिवाय निकालाची बेरीज करणारी संगणक प्रणाली. ठरावात हे सगळं नावानिशी लिहिलं नाही तर एखादाच तुकडा खुला करून काम भागवता येईल.

यात एक गोष्ट फार कमी बोलली जाते. कंट्रोल युनिटला उमेदवार माहीतच नसतात. त्याला फक्त 'बटण क्रमांक ७ दाबलं' एवढं कळतं. सातवर कोण आहे हे त्या त्या मतदारसंघातल्या नावांच्या क्रमावर ठरतं, आणि तो क्रम अर्ज माघारीनंतर पक्का होतो. कारखान्यात प्रोग्राम भरताना अमुक पक्षाला मत वळवायचं असं लिहून ठेवणं म्हणूनच अवघड आहे. व्हीव्हीपॅटचं तसं नाही. त्याला नाव आणि चिन्ह छापायचं असतं, म्हणजे माहीत असावंच लागतं. ती माहिती उमेदवारांची यादी पक्की झाल्यावर लॅपटॉपवरून सिंबल लोडिंग युनिटमध्ये (चिन्हं भरायच्या छोट्या यंत्रात) आणि तिथून व्हीव्हीपॅटमध्ये जाते. बंद यंत्रात बाहेरची माहिती शिरते ती या एका टप्प्यावर. माझ्या मते खुलेपणाची सगळ्यात निकडीची गरज इथे आहे, आणि इथला बदल सगळ्यात स्वस्तही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात ही सिंबल लोडिंग युनिट सीलबंद करून निकालानंतर ४५ दिवस जपून ठेवायला सांगितलं, त्यावरून या टप्प्याचं महत्त्व लक्षात यावं.

आता कोड वाचून काय सापडतं ते पाहू.

मतदानाआधी केंद्रावर अभिरूप मतदान, म्हणजे खऱ्या मतदानाची चाचणी, होतं. किमान ५० मतं टाकायची, क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने बटणं दाबायची, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काढून त्यावर शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. त्याच्याही आधी प्रथमस्तरीय तपासणीत १ टक्का यंत्रांवर १२००, २ टक्क्यांवर १००० आणि २ टक्क्यांवर ५०० मतं टाकून पाहतात. या चाचण्या उपयोगी आहेत, मी त्यांना कमी लेखत नाही. पण चाचणी फक्त 'आत्ता असं वागलं' एवढंच सांगते. ठरावीक वेळेनंतरच जागा होणारा, किंवा बटणांचा विशिष्ट क्रम दाबल्यावर वेगळं वागणारा प्रोग्राम असेल तर तो अभिरूप मतदान सहज पास होईल. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत हेच उघड झालं होतं. आपली चाचणी चालू आहे हे गाडीतला प्रोग्राम ओळखायचा आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचा.

अशी अट कोड वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटणं कठीण. आम्ही तपासताना आधी पाहतो ते घड्याळ: प्रोग्राम वेळ कुठे कुठे वाचतो आणि वाचून काय करतो. मग मोजणारे आकडे, म्हणजे मतांच्या संख्येवर कुठे निर्णय होतोय का. मग बटणं वाचायचा भाग, त्यात छापील माहितीत नसलेली एखादी जुळवाजुळव ओळखली जातेय का. मग वीज मध्येच गेली तर अर्धवट नोंदलेल्या मताचं काय होतं. शेवटचा मुद्दा आपल्याकडे नेहमी दुर्लक्षला जातो, आणि प्रामाणिक चुका जास्त करून तिथेच निघतात. यंत्रातला प्रोग्राम छोटा असतो, त्यामुळे तो ओळ न ओळ वाचणं शक्य आहे. बँकेच्या ॲपबद्दल मी असं म्हणालो नसतो.

दुसऱ्या देशांत याचा अनुभव आलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या प्रदेशाने २००१ च्या निवडणुकीत खुल्या कोडचं मतदान सॉफ्टवेअर वापरलं. ब्राझीलमध्ये निवडणुकीच्या वर्षभर आधीपासून पक्ष आणि संस्थांना कोड तपासता येतो. तिथल्याच २०१२ च्या जाहीर चाचणीत विद्यापीठातल्या अभ्यासकांनी एक चूक काढली: मतांचा क्रम मिसळण्यासाठी वापरलेली यादृच्छिक संख्या घड्याळाच्या वेळेवरून तयार होत होती. वेळ कळली की क्रम उलगडायचा, म्हणजे गुप्त मतदान गुप्त राहत नव्हतं. स्वित्झर्लंडच्या पोस्ट खात्याने २०१९ मध्ये ऑनलाइन मतदानाचा कोड तपासायला दिला आणि काही आठवड्यांतच संशोधकांनी गंभीर दोष दाखवला: मतं बदलूनही 'सगळं बरोबर आहे' असा गणिती पुरावा तयार करता येत होता. ती प्रणाली मग थांबवली गेली. त्याआधी तिची अधिकृत तपासणी झालेली होती. नेमलेल्या तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेलं बाहेरच्यांनी पकडलं. "गावात कोण वाचणार" याचं उत्तर यातच आहे. गावाने वाचायची गरज नाही. नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या चार पोरींनी, एखाद्या विरोधी पक्षाने, एखाद्या परदेशी प्राध्यापकाने कुणालाही न विचारता वाचता आला पाहिजे आणि सापडलेलं छापता आलं पाहिजे, एवढं पुरतं.

पण खुला कोड म्हणजे तपासलेला कोड, असं धरून चालू नका. इंटरनेटवरचे कितीतरी व्यवहार ज्यावर चालतात त्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष २०१२ पासून होता. तो सापडला २०१४ मध्ये. दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. वाचायची परवानगी असणं आणि कुणीतरी पगार घेऊन, वेळ देऊन वाचणं, यात फरक आहे. म्हणून ठरावात तपासणीसाठी स्वतंत्र निधीची मागणी असावी.

आता हॅकिंगच्या भीतीबद्दल. ही भीती सर्वोच्च न्यायालयातही बोलली गेली आहे. २०२४ च्या सुनावणीत सोर्स कोड उघड केला तर गैरवापर होईल असं मत न्यायपीठाने तोंडी व्यक्त केलं, आणि त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये सोर्स कोडच्या ऑडिटसाठी केलेली याचिका फेटाळली गेली. तेव्हा या मुद्द्याला उत्तर दिल्याशिवाय तुमचा ठराव पुढे सरकणार नाही. सुरक्षेच्या शास्त्रातलं जुनं तत्त्व, १८८३ मध्ये केर्कहॉफ यांनी मांडलेलं, असं सांगतं की रचना शत्रूच्या हाती पडली तरी व्यवस्था टिकली पाहिजे. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. कुलूप कसं बनतं हे जगाला माहीत असतं, म्हणून घरं उघडी पडत नाहीत. आणि खरा धोका आतल्या माणसाचा असतो. त्याच्याकडे कोड आधीच असतो. बंद कोडमुळे अडतो तो फक्त बाहेरचा तपासणारा.

शिवाय २०१० मध्ये भारतीय यंत्रावर ज्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवला त्यांनी कोडला हातही लावला नव्हता. त्यांनी कंट्रोल युनिटचा आकडे दाखवणारा बोर्ड बदलून तसाच दिसणारा दुसरा बसवला आणि तो खोटे आकडे दाखवू लागला. कोड गुप्त असल्याचा त्यात काहीच अडथळा झाला नाही. ती जुनी यंत्रं होती, आताच्या एम-३ यंत्रांत तिन्ही भाग एकमेकांची ओळख पटवून घेतात आणि उघडायचा प्रयत्न झाला तर बंद पडतात, असं निवडणूक आयोग सांगतो. तरी प्रयोगाचा धडा कायम आहे: कोड वाचून हार्डवेअर कळत नाही.

एका बाबतीत मात्र भीती खरी आहे, आणि ती परिस्थितीवर अवलंबून आहे. आयोगाच्या सांगण्याप्रमाणे चिपमध्ये प्रोग्राम एकदाच भरता येतो, नंतर बदलता येत नाही. फेरफार रोखायला हे चांगलं. पण मतदानाच्या महिनाभर आधी कोड खुला केला, त्यात दोष सापडला, तर लाखो चिप बदलणार कशा? २०२४ ला देशभरात साडेदहा लाख मतदान केंद्रं होती. म्हणून कोड कधी खुला करायचा याची मुदत ठरावात हवी. माझ्या मते किमान बारा महिने आधी, आणि नवीन मॉडेल असेल तर उत्पादन सुरू होण्याआधी. सध्या वापरात असलेल्या यंत्रांचा कोड उघडायचा की पुढच्या पिढीपासून सुरुवात करायची, यावर जाणकारांत प्रामाणिक मतभेद आहेत. मी पुढच्या पिढीपासून कायद्याने सक्ती आणि आताच्या यंत्रांसाठी पक्षांनी व विद्यापीठांनी नेमलेल्या तज्ज्ञांना निर्बंधाशिवाय वाचन, या बाजूचा आहे.

यानंतर येतो तो भाग जिथे बहुतेक निवेदनं अडखळतात. समजा कोड वेबसाइटवर टाकला. तुम्ही वाचला, समाधान झालं. आता आपल्या केंद्रावरच्या यंत्रात तोच आहे हे कसं कळणार?

माणसाला वाचता येणारा कोड चिपला समजत नाही. तो कंपायलर नावाच्या भाषांतर करणाऱ्या प्रोग्राममधून जातो, आकड्यांची फाइल तयार होते, ती चिपमध्ये भरली जाते. या प्रत्येक सांध्यात काही घुसू शकतं. संगणकतज्ज्ञ केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवलं होतं की कंपायलरच बिघडवला तर स्वच्छ कोडमधूनही चोरदरवाजा तयार होतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं असंच सांध्यातलं प्रकरण उघड झालं. लोक वाचतात त्या कोडमध्ये चोरदरवाजा सरळ दिसत नव्हता, तो वाटपासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात, प्रोग्राम बांधायच्या सूचनांत लपवलेला होता. एका अभियंत्याला लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा जास्त वेळ का लागतोय असं वाटलं, म्हणून तो सापडला.

यावरचा उपाय म्हणजे पुन्हा पुन्हा तीच फाइल तयार होईल अशी बांधणी. कोडसोबत कंपायलरची नेमकी आवृत्ती, त्याला दिलेल्या सूचना, मेमरीची मांडणी हे सगळं जाहीर करायचं. मग तीन वेगळ्या ठिकाणच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या गटांनी तेच करून पाहायचं. तिघांची फाइल बिट न बिट सारखी निघाली पाहिजे. सारखी आहे का हे एसएचए-२५६ नावाच्या ठशाने तपासतात: ६४ अक्षरांची ओळ, फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी पूर्ण वेगळी येते. पहिल्या प्रयत्नात ठसे बहुतेक वेळा जुळत नाहीत, आणि कारणं क्षुल्लक असतात: कंपायलरने फाइलमध्ये आपोआप टाकलेली तारीख-वेळ, फोल्डरचं नाव, फाइली जोडायचा क्रम. हे आधीच दुरुस्त करून ठेवावं लागतं. मतदान तोंडावर आल्यावर नाही.

शेवटचा सांधा चिपचा. इथे एक चूक हमखास होते. 'यंत्राच्या पडद्यावर त्याचा ठसा दिसला पाहिजे' अशी मागणी लोक करतात. त्याने काहीच सिद्ध होत नाही. बदललेला प्रोग्राम मूळचा ठसा जपून ठेवून तोच दाखवू शकतो. वाचन बाहेरून व्हायला हवं, चिपच्या पायांना जोडलेल्या स्वतंत्र उपकरणाने. पण चोरी टाळण्यासाठी चिपचं वाचन कारखान्यातच कुलूपबंद केलेलं असतं. म्हणजे एक सुरक्षा दुसऱ्या पडताळणीच्या आड येते. यावर मार्ग आहेत: प्रोग्राम वाचता येईल पण बदलता येणार नाही अशी चिप निवडणं, किंवा ठरावीक संख्येने यंत्रं सरमिसळीतून उचलून, चिप फोडून प्रयोगशाळेत तपासणं. हे नव्या मॉडेलच्या रचनेच्या वेळीच ठरवावं लागतं.

सध्या काय मिळतं? २०२४ च्या त्याच निकालाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत लेखी अर्ज करून, विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरमधला भरलेला प्रोग्राम तपासून घ्यायचा हक्क दिला. खर्च उमेदवाराचा, फेरफार आढळला तर परत. तपासणी करणार यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांचेच अभियंते. ही तपासणी नेमकी कशी करायची यावरून २०२५ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाले. ताडून पाहायला जाहीर कोड आणि जाहीर ठसा नसेल तर अशी तपासणी कुणी कितीही प्रामाणिकपणे केली तरी बाहेरच्या माणसाला तिचा निष्कर्ष मान्य करावा लागतो, स्वतः ताडता येत नाही. तुमच्या ठरावाचं सगळ्यात मजबूत कारण हे आहे आणि ते याच शब्दांत लिहा.

आता प्रमाणित वजनाकडे, म्हणजे कागदाकडे. रिव्हेस्ट आणि वॅक या दोन संगणकतज्ज्ञांनी २००६ मध्ये एक कसोटी मांडली: सॉफ्टवेअरमधली न सापडलेली चूक किंवा बदल निकालात न सापडणारा बदल घडवू शकत नसेल, तरच ती मतदान व्यवस्था सॉफ्टवेअरवर अवलंबून नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ ला याच दिशेने निकाल दिला. सामान्य नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय मतदानाचे मुख्य टप्पे तपासता आले पाहिजेत, असं म्हणून त्यांनी तिथल्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला.

व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. अनुक्रमांक, नाव, चिन्ह. ती मतदाराने पाहिलेली असते, म्हणून तिला पुराव्याची किंमत आहे. (सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ मध्ये मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनाने ते थांबवलं. ते झालं असतं तरी पुरावा ठरलं नसतं, कारण ती नवी मतं झाली असती. त्या दिवशीची मतं त्या दिवशीच्या चिठ्ठ्यांतच असतात.) चिठ्ठी वेगळी निघाली तर मतदाराला नियम ४९ एमए खाली लेखी घोषणापत्र देऊन चाचणी मत टाकता येतं, तक्रार खोटी ठरली तर शिक्षेची तरतूद आहे, म्हणून लोक घाबरतात, आणि हा नियम सैल करावा असं मला मनापासून वाटतं.

कागदालाही प्रकृती असते. चिठ्ठी थर्मल कागदावर छापलेली, म्हणून काळ्या पाकिटात ठेवायची. यंत्रावर थेट उजेड पडता कामा नये. मे २०१८ च्या भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट मोठ्या संख्येने बंद पडली, आयोगाने प्रखर उजेडाचं कारण दिलं आणि काही केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या वर्गखोलीत खिडकीजवळ टेबल लावण्याआधी हे लक्षात असू द्या.

पण चिठ्ठ्या असून उपयोग किती, तर मोजू तितका. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं सोडत काढून निवडतात आणि तिथल्या चिठ्ठ्या मोजतात. लोकसभेला सहा क्षेत्रं, म्हणजे ३० केंद्रं. नोव्हेंबर २०२४ ची नांदेडची पोटनिवडणूक १४५७ मतांनी लागली. तिथे काही गैर झालं असं मी अजिबात म्हणत नाही, फक्त आकडा वापरतो. एवढा फरक उलटवायला एका बाजूची ७२९ मतं दुसरीकडे जावी लागतील. समजा २००० केंद्रांपैकी फक्त २० केंद्रांवर प्रत्येकी ३७ मतांची गडबड आहे. तीस केंद्रांचा नमुना घेतला तर त्यात गडबडीचं एखादं तरी केंद्र सापडायची शक्यता निघते सुमारे २६ टक्के. ती ९५ टक्क्यांवर न्यायची तर जवळपास २८० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजाव्या लागतील. उलट विजय दोन लाखांचा असेल तर तीस केंद्रं पुरून उरतात. नमुन्याचा आकार विजयाच्या फरकावर ठरला पाहिजे, इतकं साधं गणित आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून राज्यभर अशी पडताळणी होते. आणि फरक निघाला तर नमुना वाढवायचा, हेही नियमात हवं. आत्ता फरक निघाला तर त्या केंद्रापुरती चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरतात. असा फरक निघण्याचं नेहमीचं कारण क्लिअर बटण दाबायचं राहणं किंवा अभिरूप मतदानाच्या चिठ्ठ्या पेटीतच राहणं हे असतं, तेव्हा फरक दिसला की लगेच कट समजू नका. नोंदवहीशी ताडून पाहा.

आता एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, पण गावासाठी तीच सगळ्यात जवळची आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. त्या यंत्रांना व्हीव्हीपॅट नसतं. कागद नाही म्हणजे ताडून पाहायला दुसरं काहीच नाही. सगळा भार प्रोग्रामवर. त्यातून एका प्रभागात तीन-चार जागा, प्रत्येक जागेचं वेगळं मत, कुणी दोनच मतं देऊन निघून गेलं तर काय करायचं याचे वेगळे नियम. हा प्रोग्राम लोकसभेच्या यंत्रापेक्षा गुंतागुंतीचा असतो. तेव्हा कोड खुला करायची मागणी इथून सुरू करा. दुसरा फायदा असा की लोकसभा-विधानसभेसाठी १९६१ चे केंद्राचे निवडणूक नियम बदलावे लागतात, स्थानिक निवडणुकांचे कायदे आणि नियम मुंबईतच होतात. तुमच्या आमदाराला यावर प्रश्न विचारता येतो.

ठरावाचा मसुदा मी असा लिहिला असता, शब्द तुम्ही बदला:

"मतदान, चिन्ह भरणे, मतमोजणी आणि बेरीज यांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राचा व प्रणालीचा सोर्स कोड, बांधणीच्या संपूर्ण सूचना आणि तयार फाइलचा ठसा निवडणुकीच्या किमान बारा महिने आधी जाहीर करावा. कोणालाही परवानगीशिवाय तो वाचता, बांधता आणि त्यातील दोष प्रसिद्ध करता यावेत. दोष कळवणाऱ्यावर कारवाई होऊ नये. चिन्हांच्या फाइलचा ठसा भरण्याच्या दिवशी प्रत्येक उमेदवाराला लेखी द्यावा. सरमिसळीतून निवडलेल्या यंत्रांच्या चिपची तपासणी निर्मात्या कंपनीव्यतिरिक्त अन्य संस्थेकडून व्हावी. स्थानिक निवडणुकांच्या यंत्रांना कागदी चिठ्ठी जोडावी. चिठ्ठ्यांच्या मोजणीचा नमुना विजयाच्या फरकावर ठरवावा."

'ओपन सोर्स' हा शब्द हवा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. परवान्याच्या जगात त्या शब्दाला नेमका अर्थ आहे, सरकारी कागदात मात्र 'समितीसमोर कोड ठेवला' यालाही कुणी खुला म्हणू शकतं. वाचणं, बांधणं, प्रसिद्ध करणं ही तीन क्रियापदं लिहिली की पळवाट उरत नाही. केंद्र सरकारचं ओपन सोर्स स्वीकारण्याचं धोरण २०१५ पासून आहे, त्याचा उल्लेख प्रस्तावनेत करा.

ठराव दोन प्रतींत करा, एक राज्य निवडणूक आयोगाला आणि एक जिल्हाधिकाऱ्यांमार्फत भारत निवडणूक आयोगाला. आणि कायदा बदलेपर्यंत हातात जे आहे ते वापरा. लोकसभा-विधानसभेचं मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७ सी भरतात, त्यात त्या यंत्रात एकूण किती मतं नोंदली गेली तो आकडा आणि यंत्रांचे क्रमांक असतात. प्रत्येक मतदान प्रतिनिधीला त्याची प्रत मिळते, पण कितीतरी प्रतिनिधी ती न घेताच जेवायला निघून जातात. ती घ्या, फोटो काढा, मोजणीच्या दिवशी टेबलावर कंट्रोल युनिटचा क्रमांक आणि एकूण आकडा त्याच्याशी ताडा, आणि नंतर केंद्रनिहाय निकालाच्या नमुना २० शी पुन्हा ताडा. फरक दिसला तर निकाल जाहीर होण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे नियम ५६ डी खाली चिठ्ठ्यांच्या मोजणीचा लेखी अर्ज उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने द्यायचा असतो. कोरा अर्ज कारणाची जागा सोडून घरूनच टाइप करून न्या. निकालानंतर उरते ती निवडणूक याचिका, आपल्या भागासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात, ४५ दिवसांच्या आत.